खिंडीपलीकडची डॉक्टरीण

गावात बातमी अशी की ओरोझालीनं बिश्केकच्या डॉक्टरीणबाईंना फोनवर मागणी घातली. आधी म्हणे गोड गोड बोलला, मग सगळ्यांच्या देखत फोन उचलून घरातल्या बोळात गेला, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात काय ते विचारलं. दुकानातून ही बातमी नदीपलीकडच्या घरांत पोचेपर्यंत बाईंचा होकारही आला होता आणि मुलीच्या बापाला किती घोडे द्यायचे यावर घासाघीस सुरू झाली होती.

यातलं मागणीचं तेवढं खोटं. बोळात तो गेला होता, दारही लोटलं होतं, कुजबुजलाही होता. कुजबुजला ते मागणीपेक्षा अवघड होतं.

ओरोझालीनं उभी हयात खिंडीतला बर्फ काढला. रस्तेखात्याचा बुलडोझर त्याच्या हाती होता तोवर हिवाळ्यातही बस यायची, पीठ यायचं, नवऱ्या मुली यायच्या आणि बाळंतिणी वेळेवर पलीकडच्या इस्पितळात पोचायच्या. तो निवृत्त झाला, यंत्र गंजलं, नवं आलं नाही. आता पहिला जाड बर्फ पडला की खिंड मिटते ती वसंतातच उघडते. बायको गेलेली, मुलगा मॉस्कोत गोदामात कामाला. घरात तो, सून गुलझिना आणि ज्यांना कुठंच जायचं नसतं अशा मेंढ्या.

लघवीतून रक्त जायला लागलं ते पानगळीत. तेव्हा जमीन शोषून घ्यायची आणि ओरोझाली स्वतःला सांगायचा, काल बीट खाल्लं होतं. मग बर्फ पडला. बर्फ काही शोषत नाही, लपवत नाही. गोठ्यामागं जाऊन आला की तो फावडं घ्यायचा आणि त्या जागेवर ताजा बर्फ ओढायचा.

कुंपणापलीकडून शार्शेन हे बघायचा. शार्शेन त्याचा कुर्दाश, म्हणजे बरोबरीचा, एकाच वर्षी जन्मलेला. आमच्याकडं कुर्दाशाला कुर्दाशाची वाटेल ती टिंगल करायची मुभा असते, आणि ज्याची टिंगल होते त्यानं रागवायचं नसतं. शार्शेननं ही मुभा जन्मभर रोज वापरली.

“काय रे,” तो ओरडला, “जन्मभर बर्फ काढलास, आता घालायला लागलास? सरकारनं पगार उलटा लावलाय का?”

“तुझं तोंड बुजवायचा सराव करतोय,” ओरोझाली म्हणाला आणि फावडं टेकवून आत गेला.

सुनेला यातलं काही ठाऊक नव्हतं. सासऱ्याचा कोट अंगावर लोंबायला लागलाय आणि उठताना त्याचा हात कमरेवर जातो, एवढं तिला दिसलं. तिनं नवऱ्याला कळवलं, नवऱ्यानं राजधानीतल्या, बिश्केकच्या कुठल्याशा दवाखान्यात फोनवरून दाखवायची वेळ घेतली. दवाखान्याचा निरोप आला तो तिनं वाचून दाखवला: उजेडात बसा. चालू गोळ्या जवळ ठेवा. शांत खोलीत बसा, शक्यतो एकटे. त्रास स्पष्ट सांगा, डॉक्टरांना वेळ थोडा असतो.

“एकटे म्हणजे?” ओरोझालीनं विचारलं.

“म्हणजे दुसरं कोणी नको, मामंजी.”

“आजारी माणसाला एकटा टाकायचा? आणि परक्या बाईसमोर?”

तसंही एकटं बसणं शक्य नव्हतंच. फोनवर माणसाचं तोंड दिसावं इतकं नेटवर्क गावाच्या या टोकाला एकाच जागी मिळतं, शार्शेनच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. आणि शार्शेनची बायको बुबुसारा कुणाला आपल्या खिडकीत खाऊपिऊ न घालता बसू देईल, तर सूर्य मावळायचा विसरेल.

ठरल्या दिवशी ओरोझालीनं दाढी केली, पांढरी कल्पाक टोपी चढवली आणि लेकाच्या लग्नातला कोट घातला. शार्शेननं दारातच त्याला वरून खाली बघितलं.

“बघायला चाललायस की दाखवायला?”

“तुझ्या घरात यायचं म्हणजे अंगावर काहीतरी धड हवं. घरात तर काही नसतं.”

घरात सगळं होतं. बुबुसारानं मेजावर चादर पसरली होती, त्यावर कणकेचे तळलेले बोरसोक, लोणी, जर्दाळूचा मुरंबा, दुधाचा चहा. डॉक्टरीणबाई फोनमधून येणार असल्या तरी येणार तर होत्याच. पाहुण्यासमोर मोकळं मेज ठेवायचं नाही. तिनं एक पेला बाईंच्या नावानंही भरला आणि फोनला टेकण म्हणून मुरंब्याची बरणी लावली.

फोन लागला. पडद्यावर चष्मेवाली मुलगी आली, गुलझिनाच्या वयाची. ओरोझालीनं छातीवर हात ठेवला.

“पेशंटचं नाव?” तिनं विचारलं.

गुलझिना लाल झाली. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं. शार्शेन तत्परतेनं पुढं झुकला. “ओरोझाली. बर्फवाला ओरोझाली. लिहा, स्वभाव तिरसट.”

“बाबा, कसे आहात?”

“खुदाची मेहेर, बरा आहे. तू बरी आहेस ना, पोरी? आईवडील? गुरंढोरं?”

“माझ्याकडं मांजर आहे,” डॉक्टर हसली. “तेही बरं आहे. तुमचं बोला. काय त्रास होतो?”

म्हाताऱ्याला पाहुण्यासमोर तक्रार करणं कधी शिकवलेलंच नव्हतं. तो म्हणाला, “त्रास कसला. वय झालं.”

“मामंजींची कंबर दुखते,” गुलझिना पुटपुटली.

“गुडघाही,” बुबुसारा म्हणाली. “भावजी जिना चढताना ‘हुश्श’ करतात.”

“जीभ सोडून सगळंच दुखतं त्याचं,” शार्शेननं भर घातली.

डॉक्टर लिहीत होती. तिनं मान वर न करता विचारलं, “लघवीला काही त्रास? जळजळ? रक्त?”

स्वयंपाकघरात चमचा वाजायचा थांबला. गुलझिनानं मान खाली घातली, फोन सरळ करायला पुढं केलेला तिचा हात बरणीला लागला आणि बरणी कलंडली. आता डॉक्टरला छत दिसत होतं, आणि छताला टांगलेला दिवा. फोन परत उभा केला गेला. ओरोझालीच्या कपाळावर टोपीखालून घाम उतरला. सून समोर, शेजारीण समोर, शेजारणीचे बोरसोक समोर, आणि विचारणारी लेकीच्या वयाची.

“नाही,” तो म्हणाला.

“नक्की, बाबा?”

“म्हटलं ना, नाही.”

पण मुलगी हुशार होती. तिनं चष्मा वर केला. “बाबा, दुसऱ्या खोलीत जाता का जरा? एकटेच? दार लावून घ्या.”

असं आमच्या गावात कुणाला कुणी सांगितलेलं नाही. बुबुसाराचा हात तोंडावर गेला. शार्शेनची भुवई टोपीला टेकली. ओरोझालीनं फोन मुरंब्यापासून उचलला, पाण्यानं भरलेलं पातेलं न्यावं तसा दोन्ही हातांनी धरला, बोळात गेला आणि पायानं दार लोटलं.

बोळात अंधार होता, जोडे होते, मेंढीच्या कातड्यांचा वास होता. पडद्यावर मुलगी त्याच्याकडंच बघत होती, ओठ थोडे उघडे, डोळ्यांत काळजी. असं कुणी त्याच्याकडं बायको गेल्यापासून बघितलं नव्हतं.

“पोरी,” तो म्हणाला, “रक्त जातंय. पानगळीपासून जातंय. आधी थोडं होतं, आता बर्फ लाल होतो. मी वर बर्फ ओढतो. सुनेला कसं सांगू? लेकाला सांगितलं तर काम सोडून येईल, आणि खिंडीच्या पलीकडं बसून राहील. मला भीती वाटते. हे शार्शेनला कळू देऊ नकोस.”

मुलगी बघत राहिली. त्यानं वाट पाहिली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एवढं एका दमात सांगितलं होतं, त्यामुळं ती विचारात पडली असेल असं त्याला वाटलं. तिची पापणी लवत नव्हती. मग चित्राच्या मधोमध ते गोल चक्र फिरायला लागलं, आणि चित्र गेलं.

तो धावत खिडकीशी आला तोवर वेळ संपली होती. गुलझिनानं पुन्हा पुन्हा फोन लावला. दुसऱ्या कुणाचा तरी नंबर सुरू झाला होता. संध्याकाळी दवाखान्याचा निरोप आला: कंबर व गुडघेदुखी. लघवीची तक्रार नाही. कंबर उबेत ठेवावी, मलम लावावं. बोलणं अर्धवट तुटल्यामुळं रुग्णानं प्रत्यक्ष येऊन तपासून घ्यावं.

प्रत्यक्ष. गुलझिनानं पुन्हा वेळ मागितली, ती मिळाली वसंतातल्या नौरोजच्या सणानंतरची. मलम गावात मिळत नाही. तिनं सासऱ्यासाठी कुत्र्याच्या केसांचा उबदार पट्टा विणला, आणि तो पट्टा ओरोझाली दिवसेंदिवस एक एक वेढा जास्त घेऊन बांधायला लागला. गोठ्यामागं आता त्याला दोन फावडी बर्फ ओढावा लागतो. फावडं जड झालंय असं तो म्हणतो.

शार्शेन कुंपणाशी उभा राहतो. परवा त्यानं बराच वेळ बघितलं, फावडं हातातून घेऊ का, असंही विचारलं. ओरोझालीनं दिलं नाही. मग कुर्दाशानं कुर्दाशाला करायचं तेच केलं.

“अरे नवरदेवा,” तो म्हणाला, आवाज नेहमीपेक्षा जरा मऊ होता, “बोळात त्या पोरीला विचारलंस काय शेवटी? गाव मला विचारतंय.”

ओरोझालीनं फावड्यावर हनुवटी टेकवली. दम खाल्ला.

“विचारलं,” तो म्हणाला. “ती म्हणाली, खिंड उघडली की या. मी म्हटलं, बाई, तोवर नवरदेव टिकायला नको का?”