आंजीच्या विहिरीचं पाणी

चांदीवाल्या सरांच्या बोटांची टोकं कायम काळी असत. सिल्व्हर नायट्रेटचे ते डाग साबणानं जात नसत. "सर, कोनाच्या लग्नाची मेंदी हाये?" असं चहाच्या टपरीवर कोणी तरी विचारेच. सर वर्ध्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. कुणाकडेही गेले की पेला तोंडाला लावण्याआधी विचारत, "विहिरीचं का नळाचं?"

कपाशीवर फवारलेलं औषध विहिरींत झिरपतं, असा त्यांना नव्वदीच्या दशकापासून संशय होता. लेझरचा प्रकाश पाण्यावर टाकला की विखुरलेल्या प्रकाशात प्रत्येक पदार्थाच्या स्वतःच्या रेषा मिळतात. त्या फार फिकट असतात. चांदीचे अतिसूक्ष्म कण मिसळले की ठळक होतात. ते कण सर सिल्व्हर नायट्रेटपासून स्वतः बनवत. यंत्र नागपूरला होतं आणि नंबर महिनोन् महिने लागत नसे. त्या कणांच्या पिवळसर द्रवाची कुपी ते एसटीत मांडीवर धरून नेत. कण एकमेकांना चिकटून द्रव राखाडी पडला, किंवा तिथली वीज गेली, की फेरी वाया. "चांदी हाये तं लाइन नाई, लाइन हाये तं नंबर नाई," ते चिडून म्हणत.

दोन हजार सालानंतर एकदा रेषा उमटल्या, अगदी फवारणीच्या औषधाच्या. पाणी वर्ध्याजवळच्या आंजी गावातल्या शांताबाईंच्या विहिरीचं होतं. त्यांची नातवंडं तेच पीत. मी तेव्हा वार्ताहर होतो. बातमी लिहून तयार ठेवली आणि सरांबरोबर आंजीला गेलो.

"मावशी, पाणी कशात भरून देल्लं होतं?" सरांनी विचारलं.

शांताबाईंनी फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा दाखवला. "याच्यात. राखेनं तीनदा घासला न. बूच पक्कं लागते याचं."

"अन् मी देल्लेली काचेची बाटली?"

"ते कपाटात हाये. इतली चांगली बाटली, फुटली असती तं?"

सर ओट्यावर बसले. मग मला म्हणाले, "छापू नको, बाबू. हा डबा बोलून राह्यला, विहीर नाई."

"मंग पाणी प्याचं का नाई?" शांताबाईंनी विचारलं.

"माहीत नाई, मावशी."

त्याच दिवशी त्यांनी काचेच्या बाटलीत स्वतः पाणी भरलं. पुढचा नंबर लागला तेव्हा यंत्राचा लेझर बंद पडला होता. सुटा भाग येणार, असं उत्तर प्रत्येक पत्राला आलं. भाग आला नाही. सर निवृत्त झाले. बाटली विहिरीच्या नावाच्या चिठ्ठीसह प्रयोगशाळेच्या फळीवरच राहिली.

सर गेल्याचं सांगायला मी आंजीला गेलो. "मंग आमच्या पाण्याचं आता कोन सांगन?" शांताबाई म्हणाल्या, आणि सवयीनं पाण्याचा गडू पुढे केला. विहिरीचं का नळाचं, हे विचारायची गरज नव्हती. रहाटाचा दोर ओला होता.