रामोनाने दारात घातलेला हात

एका शुक्रवारी दुपारी मी मीटिंगमध्ये होते. रामोनाच्या भाचीचा, एलेनाचा फोन दोनदा कट केला, तिसऱ्यांदा घेतला. "मावशी गेली," ती म्हणाली. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हृदय बंद पडलं... जिने आयुष्यभर कागदावर माणसं पट्ट्याने, बंदुकीने, ट्रकखाली मरताना दाखवली, तिला मरण मात्र इतकं मुकाट्याने आलं. त्याला आता सहा आठवडे झाले.

रामोना टेक्ससमध्येच जन्मली. आईवडील मेक्सिकोहून कापूस वेचायला आलेले. शाळेच्या कँटीनमध्ये ताटं धूत तिने कथा लिहिल्या आणि पहिलं पुस्तक निघालं तेव्हा चाळिशी उलटली होती. पुढे कादंबऱ्या आल्या, थोडंफार नाव झालं. पण तिच्या लिखाणात मारहाण फार, अशी तक्रार कायम असायची. त्यावर ती म्हणायची, "निम्मी तर मी गाळली आहे."

माझी तिची ओळख टेक्ससमधल्याच अर्विंग शहराच्या लायब्ररीत झाली. मी नागपूरहून नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, पदरात तीन वर्षांची ईरा. रामोनाच्या लेखनवर्गाला जायची परवानगी मला कशीबशी मिळाली होती. माझी पहिली गोष्ट वाचून ती म्हणाली, "यातला नवरा दुसऱ्याच पानावर बाजारात जातो आणि परत येतच नाही. त्याला घरी यायची भीती वाटते की तुला तो येण्याची?" मी हसले. बाहेर अंग भाजणारं ऊन होतं आणि मी मनगटापर्यंत बाह्यांचा कुर्ता घातला होता. तिने गोष्टीच्या समासात आपला नंबर लिहून कागद परत दिला.

पुढच्याच महिन्यात, एका शनिवारी सकाळी, चहा गार झाला म्हणून नवऱ्याने माझं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. कपाळ फुटून रक्त डोळ्यांत आलं. ईरा टेबलाखाली जाऊन बसली होती, रडतसुद्धा नव्हती. मी बाथरूममध्ये कोंडून घेऊन तो नंबर लावला, पण तोंडातून शब्द फुटेना. "पत्ता सांग, बाकी काही नको," रामोना म्हणाली.

ती आली तेव्हा त्याने दार जेमतेम उघडलं. "फॅमिली मॅटर आहे," म्हणाला आणि दार लोटलं. ते लागलं नाही, कारण रामोनाने फटीत हात घातला होता. त्याने खांदा लावून पुन्हा ढकललं. हाडं मोडल्याचा आवाज मी बाथरूमच्या दाराशी उभी राहून ऐकला. ती किंचाळली नाही. माझं नाव घेऊन म्हणाली, "मुलीला घे आणि इकडे ये. मी हात काढणार नाहीये."

त्याने तिसऱ्यांदा धडक दिली. तोवर जिन्यात माणसं जमली होती. वरच्या मजल्यावरच्या दोघांनी बाहेरून जोर लावला आणि दार आत कोसळल्यासारखं उघडलं. मी ईराला छातीशी धरून बाहेर धावले. पोलीस आले तेव्हा ईराच्या फ्रॉकवर दोन बायकांचं रक्त होतं.

रामोनाच्या उजव्या हाताची तीन बोटं पुन्हा कधी सरळ झाली नाहीत. हॉस्पिटलमध्ये मी माफी मागू लागले, तेव्हा तिने बेतोबद्दल सांगितलं. बेतो तिचा थोरला भाऊ. ती नऊ वर्षांची असताना त्याने शेतमालकाच्या मुलाला उलट उत्तर दिलं, म्हणून भर दुपारी चारजण काठ्या घेऊन दारात आले. आईने धाकट्यांना आत ओढून कडी लावली. बेतो बाहेरून थापा मारत राहिला... आधी जोरात, मग हळू. रामोना कडीकडे धावली, तर आईने तिला जमिनीवर दाबून धरलं. दार उघडलं तेव्हा तो उंबऱ्याशी मरून पडला होता. शिक्षा कुणालाच झाली नाही. "आईचं चुकलं नाही. तिला आम्हा तिघांना वाचवायचं होतं," रामोना म्हणाली. "पण त्या थापा मला अजून ऐकू येतात."

माझा घटस्फोट झाला, नोकरी लागली. दोन वर्षांनी तिची नवी कथा छापून आली. त्यात माझंच स्वयंपाकघर होतं, तोच ओटा, टेबलाखालची मुलगी. पण त्या गोष्टीत कुणीच येत नाही आणि बाई फरशीवर मरते. मी संतापून तिच्याकडे गेले. "तू मला मारलंस."

"तू वाचलीस, हे मला रोज दिसतं," ती म्हणाली. "जिच्याकडे कुणीच गेलं नाही, तिच्याबद्दल कोण लिहिणार?" मी दोन महिने तिच्याशी बोलले नाही. नंतर बोलायला लागले, पण ती कथा असलेलं पुस्तक कपाटात मागे सारून ठेवलं. वडील कुठे असतात असं ईराने विचारलं की "आमचं पटलं नाही" एवढंच सांगायचे.

ईरा आता पंधरा वर्षांची आहे. मागच्या रविवारी तिच्या खोलीत गेले, तर ती पलंगावर तेच पुस्तक उघडून बसली होती. तिने वर न बघता विचारलं, "आई, द गर्ल अंडर द टेबल... इज दॅट मी?"

मी तिच्याशेजारी बसले, माझ्या कपाळावरचे केस मागे केले आणि तिचं बोट धरून त्या जुन्या व्रणावर ठेवलं. म्हटलं, "हो. पण आपल्याकडे रामोना आली होती."