लहान श्वासाच्या बाई

तोंडावर सगळे त्यांना डॉक्टर म्हणत आणि पाठीमागे फुगेबाई. दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांसमोर त्या एक फुगा फुगवायच्या, अगदी फुटेपर्यंत, आणि दचकलेल्या पोरांना सांगायच्या, "फुफ्फुस फाटतं तेव्हा असा आवाज होत नाही. म्हणून तर कुणाला कळत नाही."

त्यांचं अख्खं आयुष्य ह्या एका गोष्टीमागे गेलं. तरुणपणी त्या आयसीयूत लागल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की व्हेंटिलेटरवरचे काही रुग्ण सुधारता सुधारता एकदम ढासळतात. सगळे म्हणत, आजारच तसा. बाईंना तसं वाटेना. आजारी फुफ्फुसाचा बराचसा भाग पाण्यानं भरून बंद पडलेला असतो, जेमतेम एक कोपरा उघडा राहतो. मशीन मात्र धडधाकट माणसाला पुरेल एवढा श्वास आत ढकलतं, आणि तो सगळा त्या एवढ्याशा कोपऱ्यात घुसतो. तोही मग ताणून ताणून फाटायला लागतो. बाईंचं म्हणणं होतं, श्वास लहान द्या.

विभागप्रमुखांना, म्हणजे सरांना, हे ऐकून हसूच आलं. "वाचवायला लावलेलं मशीन माणसाला मारतं? उद्या म्हणाल, जेवणानं भूक वाढते!" तरी त्यांनी बाईंना एक खोली दिली. मोडक्या खाटा ठेवायची, खिडकी नसलेली. उंदरांवर काय ते प्रयोग करा म्हणाले. उपकरण मात्र दिलं नाही.

उपकरण केलं दादानं. दादा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ, नळजोडणीची कामं करायचा. बारीक नळ्या, झडपा, जुन्या पंपाचे भाग जोडून त्यानं उंदरांना श्वास देणारं यंत्र उभं केलं. पहिल्या दिवशी ते सुरू झालं तेव्हा म्हणाला, "घरी सांगू नकोस हं. आजवर माणसांचा प्लंबर होतो, आता उंदरांचा झालो म्हणून सासरे हुंडा परत मागतील."

"तुला कुठे हुंडा मिळाला होता?"

"तेच तर. मागायला काही नाही, म्हणून मुलगीच मागतील."

यंत्र चाललं. मोठे श्वास दिलेल्या उंदरांची फुफ्फुसं काळजासारखी लाल आणि जड निघायची, पिळलं तर पाणी गळावं अशी. लहान श्वासवाल्यांची गुलाबी, हलकी. बाई ते उंदीर स्वतःच्या हातानं मारायच्या. सुरुवातीला जेवण जायचं नाही. मग जायला लागलं.

वर्षं गेली. परिषदेत बाईंनी आपले निष्कर्ष मांडले की सर पहिल्या रांगेतून विचारायचे, "उंदरांची तब्येत कळली. माणसांचं काय?" सभागृह खदखदून हसायचं. पण प्रश्न खरा होता. लहान श्वासानं रक्तात दूषित वायू साठतो, आकडे बिघडलेले दिसतात. माणसांवर करून पाहिल्याशिवाय कुणी ऐकणार नव्हतं. शेवटी अनेक रुग्णालयांचा मिळून एक मोठा अभ्यास मंजूर झाला. सरांनी त्यावर आपलं नाव पहिलं घातलं. अर्ध्या रुग्णांना नेहमीचा मोठा श्वास, अर्ध्यांना लहान. कुणाला कुठला, हे कॉम्प्युटर सोडत काढून ठरवणार. डॉक्टरांच्या हातात काही ठेवायचं नाही, हा नियम बाईंनीच आग्रहानं घातला होता.

अभ्यास निम्म्यावर आला आणि दादाला न्यूमोनिया झाला. साध्या तापानं सुरुवात झाली. दवाखान्यात आणला तेव्हा ओठ निळे होते. नळी घालून मशीनवर ठेवावं लागलं.

रुग्ण सख्खा भाऊ, म्हणून बाई बाजूला झाल्या. परवानगी विचारायला दुसरे डॉक्टर गेले. वहिनी त्यांचं ऐकून थेट बाईंकडे आल्या.

"वन्सं, ह्यांना कसल्याशा अभ्यासात घेऊ का म्हणून विचारतायत. तुमचाच ना तो?"

"माझाच. पण वहिनी, नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. कुणी काही बोलणार नाही."

"तुमचं काम, आणि मी नाही म्हणू? ह्यांना कळलं तर बरे होऊन मला ओरडतील."

वहिनींनी सही केली. सोडत निघाली. मोठा श्वास.

बाईंनी मशीनकडे एकदाच पाहिलं. दादाची छाती उंच वर येत होती आणि धपकन खाली बसत होती.

दुसऱ्या दिवशी आकडे सुधारले. रक्तात ऑक्सिजन छान, रंग परतला. वहिनींनी नर्सचे हात धरले. बाईंना ठाऊक होतं, मोठ्या श्वासानं सुरुवातीला असंच होतं. उंदरांतही व्हायचं. तरी त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून इच्छा केली की आपण चुकलेले असू दे. सगळं काम खोटं ठरू दे. सरांना हसू दे.

त्या सरांच्या खोलीत गेल्या. "मला भावाला अभ्यासातून काढायचंय."

"का? बिघडला?"

"नाही."

"उलट सुधारतोय. मग?" सरांनी चष्मा काढला. "काढा की. वहिनींना सांगा, त्या सांगतील ते होईल. फक्त अभ्यासावर देखरेख ठेवणाऱ्या समितीनं विचारलं तर काय सांगाल? मोठ्या श्वासानं माणूस मरतो हे मला माहीत आहे, असं? मग शेजारच्या खाटेवरच्यालाही काढा. त्यालाही कुणी बहीण असेलच."

सर चिडून बोलत नव्हते, टोमणाही मारत नव्हते. ते बरोबर बोलत होते. एकट्या दादाला काढलं तर अभ्यास संपला, आणि अभ्यास संपला की जगभर तेच मोठे श्वास चालू.

त्या वहिनींकडे गेल्या. वहिनी म्हणाल्या, "बरं चाललंय ना?"

"आकडे बरे आहेत," बाई म्हणाल्या.

चार दिवसांनी दादाची मान आणि गाल सुजले. बाईंनी कातडीवर बोट ठेवलं, तर खाली चुरचुर वाजलं. फाटक्या फुफ्फुसातली हवा कातडीखाली शिरली होती. छातीत नळ्या घातल्या, पण उपयोग झाला नाही. दादा दुपारी गेला, भेटायच्या वेळेत, खाटेभोवती सगळं कुटुंब असताना.

पुढे अभ्यास मुदतीआधीच थांबवला गेला. लहान श्वासवाले इतके जास्त वाचत होते की मोठा श्वास देत राहणं पाप ठरलं असतं. रुग्णालयात सत्कार झाला. सर टीव्हीवर म्हणाले, "मला पहिल्यापासून शंका होतीच."

ती मुलाखत वहिनींनी पाहिली. दुसऱ्या दिवशी त्या बाईंच्या दारात उभ्या.

"ह्यांना कुठला दिला होता?"

"मोठा."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"माहीत नव्हतं, वहिनी. वाटत होतं. माहीत व्हावं म्हणूनच तर..."

"वाटत होतं ना?" वहिनींचा आवाज चढला नाही. "मला एक शब्द बोलला असतात. मी कुणाला सांगणार होते?"

बाईंनी त्यांना सगळं समजावलं. समिती, शेजारची खाट, पुढे वाचणारी हजारो माणसं. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वाचू देत की. माझा नवरा सोडून सगळे वाचू देत," आणि जिना उतरून गेल्या.

त्यानंतर बाईंनी माणसांवरचा एकही अभ्यास घेतला नाही. बोलावणी खूप आली. त्या पुन्हा उंदरांकडे गेल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या. कुणी पुरस्कार दिला तर घ्यायच्या, भाषण करायच्या नाहीत.

आई मात्र वहिनींकडेच राहायची, त्यामुळे रविवारी त्या घरी जाणं चुकत नव्हतं. वहिनी दार उघडायच्या, पाणी द्यायच्या, बोलायच्या नाहीत. मग आईला विसरायला व्हायला लागलं. दादा गेलेला ती विसरली. तो आजारी पडला एवढंच तिच्या लक्षात राहिलं.

"तुझ्याच हॉस्पिटलात आहे ना गं तो?" आई दर रविवारी विचारायची. "तू आहेस, म्हणून मला घोर नाही. कसा आहे?"

पहिल्यांदा बाईंनी मदतीसाठी वहिनींकडे पाहिलं. वहिनी दाराच्या चौकटीत उभ्या होत्या.

"सांगा की, वन्सं. तुम्हीच तर होतात तिथे."

"सुधारतोय, आई," बाई म्हणाल्या.

आई खूश झाली. त्याला घरी कधी आणणार, विचारत राहिली. बाई उत्तरं देत राहिल्या, आणि वहिनी एकेक उत्तर उभ्यानं ऐकत राहिल्या. आई आणखी पाच वर्षं जगली.