पायांभोवतीचा हिरडा

वेल्ह्याच्या वरच्या रानात कोंडिबामामा झाडावर चढून काठीनं हिरडा पाडायचे आणि फुलामामी खाली वाकून वेचायची. चाळीस वर्षं हेच काम. पाल्यात लपलेला हिरडा मामीला दहा पावलांवरून दिसायचा.

गेल्या वर्षी मामा खाली उतरले आणि शेजारच्या झाडाखाली कोसळले. अर्धं अंग लुळं पडलं. काठीचा आवाज थांबल्याचं मामीला कळलंच नाही. तासाभरानं गुराख्यानं आरडाओरडा केला, तेव्हा लोक धावले. मामांच्या पायांभोवतीचा पाला उसकटलेला होता आणि तिथं एकही हिरडा उरला नव्हता. मामी वेचून पुढं गेली होती.

गाव अजून म्हणतं, "डोळे फुटले होते का हिचे?" त्या शहाण्यांनी एकदा तासभर हिरडा वेचून बघावा. मी वेचला. मीच वाटेत ठेवलेली लालभडक पिशवी दोनदा ओलांडली, तरी मला दिसली नाही. डोळे उघडे असले तरी माणसाला शोधतो तेवढंच दिसतं.

मामीला हे सांगून उपयोग नाही. परवा मामांना पेज भरवताना तिनं मला विचारलं, "ह्यांनी हाक मारली असंल का गं मला?"

मामांची वाचा ते कोसळले त्याच दिवशी गेली होती. ते तिच्याकडे एकटक बघत होते.