पोटातल्या बाळाचं काय?

सातव्या महिन्यात मला कोरोना झाला. सुरतेत पर्वत पाटिया भागात आमची एक खोली. नवरा जवळच्या कडोदऱ्याला लूमवर कापड विणायला, मी घरी साड्यांना लेस लावायचे. ताप चार दिवसांत उतरला. पाचव्या दिवशी दुपारी लक्षात आलं, सकाळपासून पोटातलं बाळ नीट हललेलंच नाही.

बाळंतपणासाठी नाव घातलेल्या दवाखान्यात गेलो. दारावरच्या बाईने रिपोर्ट पाहिला आणि ती मागे सरली. "पॉझिटिव्ह छे? चौदा दिवस पछी आवजो." म्हणजे चौदा दिवसांनी या.

"अहो, बाळ हलत नाहीये!"

आधी मी मराठीत म्हणाले, मग हिंदीत, मग मोडक्या गुजरातीत. तिने दार लोटलं.

सरकारी दवाखान्यात कोरोनाच्या खिडकीवर म्हणाले, पोटुशी आहे, बाळंतपणाच्या विभागात जा. तिथे म्हणाले, कोरोना आहे, तिकडे जा. दोनदा तेच झालं. नवरा ओरडायला लागला. त्याला गप्प मीच केलं.

शेवटी एका नर्सने व्हरांड्यातल्या बाकावर आडवं केलं आणि पोटावर छोटं यंत्र टेकवलं. धडधड ऐकू आली. "सांभळो, दोडे छे," ती म्हणाली, ऐका, कसं पळतंय. मी रडले, पण आनंदाने नाही, संतापाने. एवढ्यासाठी अख्खी दुपार फिरवलं?

"बाळाला पुढे काही होणार नाही ना?"

"एटली मने खबर नथी, बेन."

माहीत नाही असं खरं बोलणारी तेवढी एकच भेटली. नंतर दर तपासणीला मी तोच प्रश्न विचारला. एक डॉक्टर म्हणाले, काही होत नाही. दुसरे म्हणाले, जन्मल्यावर बघू. तिसऱ्यांनी मलाच विचारलं, बाहेर कशाला फिरत होतीस? आणि गावाहून सासूबाईंचा रोज फोन, "पोर हालस ना वं?" फोन वाजला की डोकं तडकायचं.

मुलगी तीन आठवडे आधी झाली. वजन कमी होतं म्हणून आठ दिवस काचेच्या पेटीत ठेवली. मग घरी आणली.

आता ती बालवाडीत जाते, गल्लीतल्या पोरांशी गुजरातीत भांडते. तरी ती खोकली किंवा आकडे विसरली की मला त्या तापाचीच शंका येते. परवा बालवाडीत तपासणीला डॉक्टरबाई आल्या. म्हणाल्या, "छोकरी एकदम सारी छे," पोरगी अगदी छान आहे. मी सातव्या महिन्यातल्या त्या तापाचं विचारलं.

"आटलां वरस पछी?" इतक्या वर्षांनी विचारतेस म्हणून त्या हसल्या आणि त्यांनी पुढच्या मुलाला बोलावलं.