दुसऱ्या रांगेतली गाडी

ड्रायव्हरकाकांचं जेवण एका बैठकीत कधी झालंच नाही. दोन घास पोटात गेले की उष्टा हात तसाच वर धरून ते उठायचे, खिडकीशी जायचे, वाकून खाली उभी असलेली आपली गाडी बघायचे आणि परत येऊन बसायचे. पुन्हा दोन घास, पुन्हा खिडकी. तिसऱ्या फेरीला काकू त्यांचं ताट उचलून सरळ ओट्यावर ठेवून द्यायच्या. "उभ्यानंच जेवा आता," त्या म्हणायच्या, "म्हणजे सारखं उठायला नको."

गाडी कुणी चोरून नेईल ही धास्ती काकांना नव्हती. चोरानं ढुंकूनही बघू नये अशीच ती जुनी गाडी होती. त्यांना काळजी होती ती गाडी जागची हलणार नाही याची. हे ऐकून कुणीही हसेल, म्हणून आधी त्या गल्लीचा कायदा सांगायला हवा.

गल्लीत घरं आधी झाली आणि गाड्या मागाहून आल्या. सुरुवातीला सगळ्या गाड्या भिंतीला लागून एका रांगेत मावत होत्या. पुढं घरटी एक झाली, काहींच्या दोन झाल्या, आणि पहिल्या रांगेला खेटून दुसरी रांग लागायला लागली. दुसरी रांग लागली की पहिली आत कोंडली जाणार हे उघडच होतं. रोज सकाळी घंट्या, रोज सकाळी तोंडं सुजलेली माणसं, कुणाचा तरी बनियनवरचा अवतार आणि भांडण. शेवटी काकांनीच पुढाकार घेतला. एका रविवारी त्यांनी सगळ्यांना खाली बोलावलं आणि स्वतः ढकलून प्रात्यक्षिक दाखवलं. दुसऱ्या रांगेत लावणाऱ्यानं गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, चाकं सरळ ठेवायची आणि हँडब्रेक सोडायचा. आतल्याला निघायचं झालं की त्यानं बाहेरची गाडी चार हात पुढं ढकलायची, आपली काढायची आणि ढकललेली पुन्हा होती तिथं आणून ठेवायची. काचेला हात लावायचा नाही, काचेच्या कडेच्या लोखंडी पट्टीला लावायचा. आणि मुख्य म्हणजे घंटी वाजवायची नाही. रस्ता तळहातासारखा सपाट, त्यामुळे गाडी आपणहून कुठं जायची नाही. "आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं अडलं तर आपल्याला गाडी ठेवायचा हक्क नाही," असं काकांनी त्या दिवशी ठणकावून सांगितलं होतं. आठ वर्षं झाली, गल्ली त्या कायद्यावर सुखात नांदत होती.

आता गंमत अशी, की हा कायदा पाळणं गल्लीत सगळ्यांत अवघड कुणाला असेल तर तो करणाऱ्याला. काकांनी एकतीस वर्षं बस चालवली होती. भरती झाले तेव्हा त्यांना शिकवणाऱ्या जुन्या ड्रायव्हरनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की हँडब्रेक ओढल्याशिवाय सीटवरून बूड उचलायचं नाही, खाली आग लागली तरी नाही. ते त्यांच्या हाडात मुरलं. एकतीस वर्षं, दिवसातून वीस-पंचवीस वेळा तो ब्रेकचा दांडा त्यांनी ओढला असेल. बसला एक ओरखडा उठला नाही, एकाही माणसाच्या पायावरून चाक गेलं नाही. निवृत्त होताना त्यांना शाल मिळाली, आणि त्या शालीपेक्षा त्यांना त्या न उठलेल्या ओरखड्याचा अभिमान जास्त होता. निवृत्तीनंतर त्यांनी आयुष्यातली पहिली स्वतःची गाडी घेतली, तीसुद्धा जुनी. सात-आठ वर्षं डोकं हाताला सांगत होतं, 'बाबा रे, इथं ओढायचा नाही,' आणि हात ऐकत होता.

सदुसष्टावं लागलं आणि हात ऐकेनासा झाला.

पहिल्यांदा त्यात अडकल्या समोरच्या नर्सबाई. त्यांची सातची ड्युटी असायची. सव्वासहाला त्या खाली आल्या, काकांच्या गाडीला खांदा लावला, तर गाडी ढिम्म. आठ वर्षांत पहिल्यांदा काकांच्या दाराची घंटी वाजली. काका जिना उतरता उतरताच म्हणत होते, की शक्य नाही, मी सोडलेला आहे, स्वतःच्या हातानं सोडलेला आहे. दार उघडून बघतात तर दांडा वर ओढलेला. नर्सबाई हसल्या, म्हणाल्या, "असू दे काका, होतं." पण काकांना ते दिवसभर सलत राहिलं. ज्यानं कायदा केला त्याच्यामुळेच एका बाईला कामाला उशीर झाला होता.

त्या दिवसापासून काकांचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. गाडी लावून घरी आले की पाच मिनिटांत खाली. दार उघडायचे, सीटवर बसायचे, दांडा खाली आहे हे हातानं चाचपायचे, डोळ्यांनी बघायचे आणि वर यायचे. दुसरा मजला येईपर्यंत मनात पाल चुकचुकायची. आपण बघितलं ते आजचं, की कालचं आठवतंय? खाली असलेला दांडा रोज सारखाच दिसतो, त्याला काय खूण असणार! पुन्हा खाली. गुडघे कुरकुरायचे. काकू म्हणायच्या, पायाला भिंगरी लागलीय तुमच्या. मग मोबाइलवर फोटो काढायची युक्ती त्यांना सुचली. सीटवर बसायचं, खाली असलेल्या दांड्याचा फोटो काढायचा आणि घरी येऊन हवा तितक्या वेळा बघायचा. महिन्याभरात मोबाइलमध्ये एकाच दांड्याचे दीडशे फोटो झाले. तरी त्याचा गुण आला. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, घंटी पुन्हा वाजली नाही. काकांना वाटलं, जिंकलो आपण. खिडकीशी उठून जाणं तेवढं सुटलं नाही.

मग ती दुपार आली. काका आणि काकू काकूंच्या बहिणीकडे चालत गेले होते, दोन-तीन तासांसाठी. त्यांची गाडी दुसऱ्या रांगेत, आणि तिच्या आत शेजारच्या पेंटरची गाडी. पेंटरच्या आईला दम्याचा त्रास. त्या दुपारी म्हातारीला श्वासच घेता येईना. पेंटर तिला उचलून खाली घेऊन आला, काकांच्या गाडीला धक्का दिला आणि गाडी हलली नाही. घंटी वाजवली, घराला कुलूप. शेवटी गल्लीतले पाच-सहा जण जमले, त्यांनी मागची बाजू उचलून उचलून गाडी फरफटत बाजूला केली. यात पंधरा मिनिटं गेली. पंधरा मिनिटं ती म्हातारी पायरीवर बसून श्वासासाठी तडफडत होती.

काका परतले तेव्हा गाडी तिरकी पडलेली होती आणि रस्त्यावर टायरच्या दोन काळ्या रेघा होत्या. कुणीतरी घडलेलं सांगितलं. काका तिथेच बॉनेटला धरून उभे राहिले.

म्हातारी वाचली. तीन दिवसांनी घरी आली. काका पेंटरकडे माफी मागायला गेले, जाताना मोबाइल घेऊन गेले. "हा बघ, त्या दिवशीचा दीडचा फोटो. दांडा खाली आहे की नाही?" पेंटरनं फोटो बघितला. "बरोबर आहे काका," तो म्हणाला आणि काकांच्या गुडघ्याची चौकशी करायला लागला. त्याची आई आतल्या खोलीत खोकत होती. त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर काकांना परवडलं असतं. ते तिथून निघाले ते थेट गॅरेजात. मेकॅनिकनं गाडी वरखाली तपासली आणि सांगितलं, की ब्रेक उत्तम आहे, आणि हा दांडा कुणी ओढल्याशिवाय वर येत नाही, काका.

त्यानंतर आठवड्याभरात एक नवल घडलं. काकांच्या दारासमोरची पहिल्या रांगेतली जागा त्यांना रिकामी मिळाली. दुसऱ्या दिवशीही मिळाली, तिसऱ्या दिवशीही. काकू म्हणाल्या, "बरं झालं की. आता तरी स्वस्थ जेवा." पण आयतं सुख पचवायची काकांना सवयच नव्हती. त्यांच्या डोक्यात भुंगा शिरला. ते मुद्दाम अवेळी गाडी काढायला लागले. सकाळी दहाला काढून अकराला आणायची, संध्याकाळी ऐन गर्दीत सहाला काढून साडेसातला आणायची. जागा रिकामीच. दोन्ही बाजूंना गाड्या दाटीवाटीनं उभ्या, कोपऱ्यापर्यंत दुसरी रांग लागलेली, आणि मधे ही एक जागा. मान दिला म्हणावं तर कसला? आपल्यामुळे एक म्हातारी मरता मरता वाचली, तर मान कशाचा देतील?

एका संध्याकाळी त्यांनी गाडी मुद्दाम पलीकडच्या रस्त्याला लावली आणि घरी येऊन खिडकीत बसले. साडेसातच्या सुमाराला नर्सबाईंची गाडी गल्लीत वळली. रिकाम्या जागेपाशी आली, हळू झाली आणि तशीच पुढं गेली. पाच मिनिटांनी बाई कोपऱ्यावरून चालत आल्या, एका खांद्यावर पर्स, हातात भाजीची पिशवी. दिवसभर पायावर उभं राहिलेलं माणूस जसं चालतं, तशा चालत होत्या. काकांना राहवलं नाही. चपला सरकवून ते खाली गेले.

"जागा होती ना इथं? कोपऱ्यावर कशाला लावलीस?"

"ती तुमची आहे, काका."

"कुणी ठरवलं?"

"सगळ्यांनीच." बाईंनी पिशवी पायरीवर ठेवली. त्यांना हे बोलायचं नव्हतं हे दिसत होतं. "तुमची गाडी आत असली की बरं पडतं. आतल्या गाडीचा ब्रेक लागलेला असला तरी कुणाचं अडत नाही."

काका गोरेमोरे झाले. "अगं, सगळं मिळून दोनदा झालंय. एकदा तुला त्रास झाला आणि एकदा त्या पेंटरच्या आईला. दोनदाच ना?"

बाई वाकून पिशवीतली भाजी सारखी करायला लागल्या.

"दोनदाच ना?" काकांनी पुन्हा विचारलं.

"काका, उन्हाळ्यापासून आठवड्यात तीन-चारदा तरी तो लागलेलाच असायचा. मी सकाळी सोडायचे आणि जायचे."

"सोडायचीस कशी? काच फोडून?"

"दुसरी किल्ली आहे माझ्याकडे. काकूंनी दिलीय." बाईंचा आवाज खाली आला. "त्या दुपारी मी ड्युटीवर होते, किल्ली माझ्या पर्समध्ये. त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून मग मीच सगळ्यांना म्हटलं, की काकांना आतली जागा देऊया."

"पण मी रोज येऊन बघतो. फोटो आहेत माझ्याकडे."

"तेव्हाच तर ओढता. मी आमच्या खिडकीतून कितीदा पाहिलंय. तुम्ही आत बसता, फोटो काढता, आणि उठताना तुमचा हात आपोआप दांड्यावर जातो."

काकांनी पायरीवरची पिशवी उचलून बाईंच्या हातात दिली आणि जिना चढायला लागले. पहिल्या मजल्यापर्यंत लाज होती, दुसऱ्या मजल्यापर्यंत तिचा संताप झाला. नर्सबाई परकी, पेंटर परका, त्यांचं एक वेळ ठीक. पण घरच्या माणसानं पाठीमागून किल्ली द्यावी? सहा महिने आपण इथं जीव टांगणीला लावून बसलो होतो, जिना चढून उतरून गुडघे झिजवत होतो, आणि ही समोर बसून मूग गिळून बघत होती?

काकू पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"किल्ली कधी दिलीस तिला?"

काकूंनी वर बघितलं. कोणती, कुणाला, असं काही त्यांनी विचारलं नाही. "मे महिन्यात."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही? एवढा परका झालो मी?"

काकूंनी हातातल्या सदऱ्याची घडी पूर्ण केली आणि सदरा बाजूला ठेवला. "सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "दोनदा."

काकांच्या पायात अजून चपला होत्या.

"पहिल्यांदा तुम्ही खूप चिडलात. आत्ता चिडलात तसेच. दोन दिवस बोलला नाहीत माझ्याशी. दुसऱ्यांदा म्हणालात, बरं केलंस, तिची खोटी तरी होणार नाही."

"कधी म्हणालो?"

"पाऊस सुरू झाला तेव्हा. इथंच बसून."

काका पलंगाच्या कडेवर बसले. ते दोन दिवस त्यांनी आठवून पाहिले, पावसातली ती संध्याकाळ आठवून पाहिली. काही सापडलं नाही. त्यांना आयुष्यात असं भय कधी वाटलं नव्हतं, घाटात ब्रेक तापले तेव्हासुद्धा नाही. आणखी काय काय आपण ऐकलं असेल, कशाकशाला हो म्हटलं असेल? काकूंना विचारावं असं फार वाटलं, पण उत्तर ऐकायचा धीर होईना. काकू त्यांच्या शेजारी सरकून बसल्या. उरलेल्या कपड्यांच्या घड्या दोघांनी मिळून घातल्या. गाडी पलीकडच्या रस्त्यावर उभी होती, आणि काका एकदाही खिडकीशी गेले नाहीत.

मग त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि काकूंच्या हातात दिली.

"ही पण नर्सबाईकडेच ठेवायला दे. गाडी नंतर कुणाला तरी देऊन टाकू. आणि हे बघ, मी उद्या परत मागेन."

"हं."

"देऊ नकोस."

"चिडाल तुम्ही."

"चिडेन," काका म्हणाले. "मी चिडलो तरी देऊ नकोस."