चाळीस शेवटची पानं

ज्या सोमवारी सरांशी भांडून इंजिनिअरिंग सोडलं, त्याच आठवड्यात बंगळूरचं तिकीट काढलं. पुण्याहून बस संध्याकाळी निघते, सकाळी बंगळूरच्या मॅजेस्टिक स्टँडवर सोडते. मागची सीट घेऊ नका, पाठ मोडते. माझ्या मांडीवर तर खोकंही होतं. वैदेहीच्या चित्रकथेच्या चाळीस झेरॉक्स प्रती.

वैदेही वर्षभर आमच्या कॉलेजात होती, मग घरी बंगळूरला परतली. तिचे अप्पा तिकडच्या पीण्या भागातल्या एका कारखान्यात आहेत. तिथल्या एका जपानी इंजिनिअरनं तिला एक पुस्तक दिलं होतं. आवडत्या मालिकेची गोष्ट चाहत्यांनीच पुढे रचायची, स्वतः छापायची, स्वतः टेबल मांडून विकायची, असल्यातलं. तिला वेडच लागलं. टीव्हीवरच्या एका तलवारवालीची पुढची गोष्ट तिनं काढली, संवाद मी लिहिले, सगळं पत्रांतून. रविवारी तिकडच्या मराठी वाचनालयात टेबल मांडायचं होतं.

मॅजेस्टिकला उभ्यानं इडली-वडा खा. चटणी पुन्हा मागितली तरी कुणी तोंड वाकडं करत नाही. रिक्षावाला मीटरवर ‘स्वल्प’ जास्त मागत होता, त्याच्याशीही भांडलो.

बनशंकरीत, तिच्या घरी, तिच्या आईनं दारातच विचारलं, “ऊट झालं काय रे? जेवूनच जा.”

वैदेहीनं आधी खोकं उघडलं. शेवटच्या पानावर थांबली. तिच्या गोष्टीत तलवारवाली सोबत्याला सोडून एकटी डोंगराकडे जाते. मी ते पान काढून वेडंवाकडं नवं घातलं होतं. ती वळते, म्हणते, “चल, तुझ्याबरोबर येते.”

“हे कुणी केलं?”

“मी. मूळ गोष्ट तरी आपली कुठंय? ते जपानी पण बदलतातच की!”

“स्वतःच्या नावानं बदलतात. इथं वर नाव कुणाचं?”

तिचं. एकटीचं. मी प्रेमानं टाकलं होतं.

“पत्रात दोनदा विचारलंस, ती वळेल का. दोनदा नाही म्हटलं मी. कळलं नाही काय तुला?”

मी ओरडलो. आतून आई म्हणाली, “हळू रे, अप्पा रात्रपाळी करून झोपलेत.”

मग वैदेहीनं सुरीच्या टोकानं एकेका प्रतीची पिन उचकटली, माझं पान काढलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून तिच्या पानाच्या झेरॉक्स आणल्या. स्टेपलर मीच मारत बसलो.

रविवारी एका मुलीनं उभ्या उभ्या सगळी गोष्ट वाचली. “शेवट सरी केलात, अगदी बरोबर, अक्का,” ती वैदेहीला म्हणाली. “मी असते तर मीही गेले असते.” वैदेही हसली. अख्ख्या मुक्कामात तेवढंच.

आता पुण्यात आहे. बाबा बोलत नाहीत. काल ती काढलेली, परत आणलेली चाळीस पानं एकत्र टाचली, वर माझं नाव घातलं आणि वाचायला बसलो. चाळीसच्या चाळीस वेळा ती वळते. चेहरा एकदाही वैदेही काढते तसा जमलेला नाही.